प्राणवायू भरायचा राहिला

पारा हललाच नाही. पारा म्हणायची आपली जुनी सवय. काचेची ती लांब नळी माळ्यावर जाऊन जमाना झाला, आता डब्यावर हिरवे आकडे चमकतात आणि अंशाचा हजारावा भागसुद्धा चुगली केल्यासारखा सांगून टाकतात. आशालताने ठिणगीचं बटण दाबलं, नेहमीसारखी मान वळवून जरा मागे सरली, आणि बघायच्या आधीच खात्री असलेल्या माणसाच्या नजरेने आकड्यांकडे बघितलं. आकडे जिथल्या तिथे. शेवटचं घर एकदा थरथरलं, किंचित वर सरकलं आणि मुकाट बसलं. खरं तर या घटकेला त्यांनी अशी धाव घ्यायची की वाचता वाचता डोळे दमावेत. डब्यातल्या पाण्यात बुडवलेलं पोलादी भांडं असतं, त्याला सगळी दुनिया बाँबच म्हणते. आत कोळशाची वाटाण्याएवढी वडी, वडीला टेकलेला सुती दोरा, दोऱ्याला तापणारी तार. ठिणगी पडते, वडी भक्कन पेटते, चिमूटभर राख सोडता काही उरत नाही, आणि तिची सगळीच्या सगळी ऊब भोवतालच्या पाण्यात उतरते. पाणी किती तापलं ते मोजायचं, हिशोब मांडायचा आणि सांगायचं, की बाबा रे, तुझ्या किलोभर कोळशात एवढी उष्णता आहे. एवढंच काम. पंचविसेक वर्षं आशालता हेच करत आली होती आणि पाणी तापलंच नाही असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. दुसऱ्यांच्या हातून झालेलं तिने पाहिलं होतं, आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, जिथे ट्रक रांगेने उभे असतात आणि ड्रायव्हर लोक चाकांच्या सावलीत झोपतात, तिथे दुसऱ्या मजल्यावर ही प्रयोगशाळा. बॉयलरवाले, वीटभट्टीवाले, भुशाच्या कांड्या बनवणारे, मालावरून भांडण लागलं की सगळे आपापली पिशवी घेऊन इथे येतात आणि आधी विचारतात, रिपोर्टवर मॅडमची सही असेल ना? सही असली की दोन्हीकडची तोंडं बंद. आशालताचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. लपवायचा कशाला? करंज्याच्या कोळीवाड्यातली पोर, आई पाटी घेऊन बाजारात, बाप बोटीवर, अशा घरातून निघून केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली ती काय मान खाली घालून बसायला? तर अशी ही बाई त्या मख्ख आकड्यांसमोर उभी होती आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो मशीन बिघडल्याचा. तार तुटली असेल. दोरा सरकला असेल. तिने ढवळणारा पंखा बंद केला, बाँब पाण्यातून वर काढला, फडक्याने पुसला आणि झाकणावरची झडप सैल केली. इथे एक आवाज यायला हवा. आतला दाबलेला वायू सुटताना लांबलचक फुस्स होतं, कुकरची शिट्टी हाताने सोडल्यासारखं. झडप पूर्ण उघडली तरी आवाज आला नाही. तेव्हा तिला कळलं. झाकण उघडायचीही गरज उरली नाही. आत प्राणवायू भरलाच नव्हता.

"मॅडम, मिसफायर?" पलीकडच्या टेबलावरून कोमलने विचारलं. कोमल दोन वर्षांपूर्वी खारघरच्या कॉलेजातून आलेली, हुशार, आणि आशालताचा ओरडा सगळ्यात जास्त खाल्लेली. "तार बघू का?"

"तार ठणठणीत आहे," आशालता म्हणाली. "ऑक्सिजन भरायचा राहिला."

"कोण विसरलं?"

"मी. दुसरं कोण बसलंय इथे?"

कोमलच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते तिने गिळलं, पण अर्धंच गिळता आलं. कारण इथे आल्यापासून तिने हेच ऐकलं होतं, की पोरींनो, सगळं विसरा, घरी गॅस बंद करायचा विसरा, नवऱ्याचं नाव विसरा, पण बाँबमध्ये श्वास भरायचा विसरू नका. आशालतालाही हसू आलं. मोठ्याने, मोकळं. बाजाराच्या दिवशी आई हसायची तसं. "हस हस," ती म्हणाली, "पुन्हा मिळायची नाही संधी." मग हसणं थांबलं.

झाकण काढून तिने आत पाहिलं. छोट्या वाटीत वडी होती तशी बसली होती. दोरा वरवर करपला होता, वडीच्या कडेला तपकिरी डाग पडला होता, बस. बाकी सगळी शाबूत. किती निगुतीने केली होती ती वडी! कोळसा सुकवला, कुटला, बारीक चाळणीतून काढला, यंत्रात दाबला, नाजूक काट्यावर तोलला, दोरा असा टेकवला की केस इकडचा तिकडे नाही. सगळं केलं. फक्त ती ज्याच्यावर जळायची तेवढंच दिलं नाही. तिला वाटलं, ही वडी अशीच ठेवली तर किती वर्षं राहील? शंभर वर्षं राहील. कोळशाला काय, तो मुळात लाखो वर्षं पडूनच होता. आणि मग, ज्या विचाराला ती सकाळपासून घरात घेत नव्हती, तो मागच्या दाराने आत शिरून ठाण मांडून बसला. बाबा.

काशीराम नाखवा, वय पंच्याहत्तरच्या घरात, करंज्याचा. आयुष्यभर बोटीच्या इंजिनखोलीत डिझेलचा धूर खाल्ला आणि वर येऊन विडीचा. फुप्फुसं अशी झाली की चार पावलं टाकली तर ओठ निळे पडायचे. पावसाळ्यानंतर आशालता गावी गेली, बापाची ती दशा पाहिली आणि कोणाला न विचारता त्याला गाडीत घालून नवीन पनवेलला सातव्या मजल्यावर घेऊन आली. धाकटा भाऊ विठू दारात उभा राहून म्हणत होता, "ताई, त्याला हितंच ऱ्हाऊ दे, आमी बघतंव." तिने ऐकलं नाही. गावात घटकाघटकाने लाईट जाते; हवेतून प्राणवायू गाळणारं मशीन चालायचं कशावर? इथे इन्व्हर्टर होता, लिफ्ट होती, दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, तिचा नवरा कुमार घरी बसून कंपनीचं काम करत असल्यामुळे दिवसभर माणूस होतं. नळी नाकात लावल्यावर बापाच्या ओठांचा रंग बदलला तो तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. काशीराम त्या मशीनला इंजिन म्हणायचा. "आशे, तुजा इंजिन झोपू देत नाय," म्हणायचा, पण नळी काढायचा नाही. खिडकीतून डोंगर दिसायचा, पूल दिसायचा, नव्या विमानतळाची विमानं अगदी डोक्यावरून जायची. "पानी नाय दिसत कुठं," एकदा म्हणाला. ती म्हणाली, "बाबा, पाणी बघायचं तर श्वास पाहिजे ना आधी?" घरात तिने प्रयोगशाळेचा कायदा लावला होता. त्या खोलीत ज्योत आणायची नाही. देवाचा दिवा विजेचा, उदबत्ती बंद, खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी. प्राणवायू आगीला काय करतो हे तिला माहीत होतं. तो पेटत नाही, तो पेटवतो. बोटाएवढी ज्योत पुरुषभर होते. कुमार पाटी बघून म्हणाला होता, "हेल्मेटपण घालायचं का आत जाताना?"

सगळं सुरळीत होतं. सुरळीत म्हणजे, बाप जगत होता. मग शिमगा जवळ आला. करंज्याच्या त्यांच्या आळीत होळीला पहिली चूड लावायचा मान नाखव्यांचा. वाळल्या झावळीची जुडी पेटवायची, होळीभोवती फिरायचं आणि बुडाशी लावायची, मग बाकीच्यांनी. काशीरामच्या बापाने लावली, आज्याने लावली, काशीरामने समजायला लागल्यापासून लावली. वादळ असो, घरात दुखणं असो, बोट समुद्रात असेल तर शिमग्याआधी परत फिरवायची, पण चूड नाखव्याची. लहानपणी आशालता बापाच्या धोतराला धरून फिरायची आणि धगीने गाल असे तापायचे की दुसऱ्या दिवशी आई खोबरेल लावायची. तर एका संध्याकाळी काशीराम चहा पिता पिता म्हणाला, "आशे, शिमग्याला जाऊया ना घरा?" साधं विचारलं. खाडीला भरती कधी, असं विचारावं तसं. आणि आशालताने, आता आठवलं की तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आशालताने त्याला व्याख्यान दिलं. नळी नाकात ठेवून आगीजवळ जाता येणार नाही. नळी काढली तर चार पावलांत धाप. त्यात होळीचा धूर, ओल्या लाकडाचा, तो तर विषच. "बाबा, धूर एकदा छातीत बसला तर मला काही करता येणार नाही. कळतंय का?" काशीरामने कप खाली ठेवला. "बरा," म्हणाला. बस, एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. त्या रात्री तिला काय सुचलं कोण जाणे, तिने होळीची उष्णतासुद्धा काढली. लाकूड साधारण किती, ओलावा किती, किलोमागे उष्मांक किती, किती ऊब वर जाईल, किती अंगावर येईल, माणसाने किती लांब उभं राहावं. कुमारला दाखवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "आकडा चुकला नसणार. तुझा चुकत नाही. पण ते तुझ्याकडे रिपोर्ट मागत नव्हते गं." तिला राग आला. रिपोर्ट मागत नव्हते म्हणजे? मग काय मागत होते, परवानगी? ती मी देऊ?

वडी चिमट्याने उचलून तिने कचऱ्यात टाकली आणि नवी करायला घेतली. हातांना सगळं पाठ होतं, त्यामुळे डोकं मोकळं राहिलं आणि ते नको तिथे हिंडायला लागलं. नोकरीला लागल्या लागल्या तिने एकदा सुके बोंबील कुटून त्याची वडी केली होती आणि कोणाला न सांगता बाँबमध्ये घालून जाळली होती. सगळ्या प्रयोगशाळेला बोंबलाचा वास लागला. साहेब दारात उभे राहून नाक धरून विचारत होते, हा कुठला कोळसा? शनिवारी गावी जाऊन तिने बापाला आकडा सांगितला, की बाबा, एका बोंबलात इतकी उष्णता. काशीराम जाळं विणत होता. "जाळलास?" तो म्हणाला. "खाल्ला नाय?" मग तिने त्याला समजावलं, की आपण खातो म्हणजे तेच करतो, अन्न प्राणवायूत जळतं, फक्त हळूहळू, ज्योत न होता, म्हणून तर अंग गरम. त्याने सुई थांबवली. स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला. "म्हंजे मी बी जलतोय?" "रोज," ती म्हणाली. त्याला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ज्याला त्याला सांगत सुटला, माज्या पोरीनं शोध लावलाय, आपन समदी जलतंव. गावातल्या बायका कितीतरी दिवस तिला बघून म्हणायच्या, काय गो आशे, आज किती जललीस? तेव्हाचं त्याचं अंग तिला आठवलं, घामाने आणि डिझेलने माखलेलं, जवळ गेलं की भट्टीशेजारी बसल्यासारखं. आता ती रोज रात्री त्याच्या पायावर चादर ओढायची तेव्हा पाय गारठलेले लागायचे. प्राणवायू नळीतून चोवीस तास चाललेला, आणि पाय गार.

आणि आज सकाळी. निघायची घाई, डबा, पर्स, गाडीची किल्ली. ती त्याच्या खोलीत डोकावून म्हणाली, "येते रे बाबा." त्याने हाताने खूण करून जवळ बोलावलं. स्वतःच्या नाकातली नळी काढली आणि तिच्या नाकासमोर धरली. "बघ," म्हणाला, "कसला वास येतंय?" तिला वाटलं मशीनमध्ये काहीतरी जळलंय, फिल्टर कोंदलाय. तिने घाबरून हुंगलं. गार हवा, बाकी काही नाही. "वास कुठेय? बाबा, ऑक्सिजनला वास नसतो."

"तेच त," काशीराम म्हणाला आणि नळी परत नाकात अडकवून भिंतीकडे तोंड करून पडला.

एवढंच. तक्रार नाही, रुसवा नाही. पूल ओलांडेपर्यंत ती स्वतःशी वाद घालत होती, की वास नसतो म्हणजे काय, वासावर जगता येतं का, आणि जगायला काय कमी केलंय मी. प्रयोगशाळेत येऊन वडी केली, बाँब बांधला, सिलिंडरपाशी गेली. काळ्या रंगाचं, पांढऱ्या मानेचं ते उंच सिलिंडर. चावी हातात घेतली होती, हे तिला आता लख्ख आठवलं. चावी हातात, नजर सिलिंडरच्या पांढऱ्या मानेवर, आणि कानात बाबाचं "तेच त". मग चावी खुंटीला अडकवली आणि बाँब उचलून पाण्यात ठेवला. श्वास न भरता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

या वेळी तिने सावकाश केलं. दोरा टेकवला, भांड्यात थेंबभर पाणी टाकलं, झाकण आवळलं, सिलिंडरची बारीक नळी जोडली आणि चावी फिरवली. वायू आत शिरताना सर्रर्र आवाज झाला, काटा चढत गेला, हवा तेवढा दाब आला तेव्हा तिने बंद केलं. बाँब पाण्यात सोडला. बुडबुडे येत नाहीत ना पाहिलं. पंखा सुरू केला. आता थांबायचं. ठिणगी लगेच टाकायची नसते. पाणी, भांडं, बाहेरचा डबा यांनी एकमेकांशी जमवून घ्यायचं, आकडा स्थिर व्हायचा, मगच. या थांबण्याची तिला सवय होती, किंबहुना आवड होती. नवीन पोरी या वेळात मोबाईल काढतात. ती तशीच बसायची, आकड्यांकडे बघत, मन गुळगुळीत करून. आज मन गुळगुळीत होईना. खाली ट्रकवाला दुसऱ्या ट्रकवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. तिने स्वतःला सरळ विचारलं, आशालते, तुला नेमकी भीती कशाची वाटते? बाप मरेल याची? तो मरणारच आहे. डॉक्टर तोंडाने बोलत नाहीत, पण फाईल बंद करताना त्यांच्या हातांना कळलेलं असतं. या शिमग्याला नाही तर पावसाळ्यात, नाही तर थंडीत. मग? मग उत्तर आलं आणि ते इतकं उघडं-वाघडं होतं की तिला मान वळवावीशी वाटली. बाप मरेल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की तो आपण होकार दिल्यामुळे मरेल. खाली आपली सही असेल. सातव्या मजल्यावर, मशीनला जोडलेला, औषधं वेळेवर घेऊन तो गेला तर तिचा हात स्वच्छ राहणार होता. होळीपाशी कोसळला तर गाव म्हणेल, शिकलेल्या पोरीने बापाला धुरात नेला. म्हणजे हे सगळं, ही पाटी, हा इन्व्हर्टर, हे उष्मांकाचं गणित, यातलं किती बापासाठी होतं आणि किती स्वतःच्या स्वच्छ हातासाठी? तिने प्रामाणिकपणे तोलून पाहिलं. निम्मं-निम्मं नव्हतं. बापाचं पारडं जड होतं, खूप जड, एवढं श्रेय तिने स्वतःला दिलं, कारण खोटी नम्रता तिला जमत नसे. पण दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हतं असं नाही.

आकडा स्थिर झाला. कोमल शेजारी येऊन उभी राहिली होती. आशालताने मान वळवली आणि बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. नेहमी तसंच असतं, उष्णतेला पोलादाच्या भिंतीतून बाहेर यायला वेळ लागतो. मग शेवटचं घर पळालं, त्याच्या मागचं पळालं, दशांशाच्या अलीकडचा आकडासुद्धा बदलला, आणि पाणी चढत गेलं, चढत गेलं. हजारो वेळा पाहिलेली गोष्ट, पण आज तिला ते चढणं अंगात जाणवलं. आत बंद पोलादात आत्ता, या घडीला, काहीतरी पूर्ण जळत होतं. थोडं राखून, थोडं वाचवून नव्हे. पूर्ण. आणि तेव्हाच ते मोजता येतं. अर्धवट जळलेल्या वडीचा कोणी आकडा काढत नाही. वाटीत काजळी सापडली तर ती चाचणी बाद करायची, हा नियम तिनेच पोरींना शिकवला होता. चढ मंदावला, थबकला, आकडे पुन्हा किंचित उतरायला लागले. तिने नोंदी घेतल्या, बाँब काढला, झडप सोडली. लांबलचक फुस्स झालं. झाकण उघडलं. वाटीत करडी, हलकी राख होती, काजळीचा ठिपका नव्हता.

"एकदम क्लीन, मॅडम," कोमल म्हणाली.

"हिशोब तू मांड. दोऱ्याची आणि तारेची उष्णता वजा करायला विसरू नकोस. मी तपासते नंतर." आणि ती बाहेर जिन्यात गेली. जिन्यात ऊन आलं होतं, खाली सळ्या उतरवताना खणखणाट चालला होता. तिने घरी फोन लावला. कुमारने उचलला. "बाबांना दे," ती म्हणाली.

"झोपलेत बहुतेक. काय झालं? आवाज असा का येतोय तुझा?"

"कुमार, दे ना त्यांना."

पावलांचा आवाज, दार, मग मशीनची घरघर जवळ आली. "बोल," काशीराम म्हणाला.

"बाबा, शिमग्याला जायचं आपण. पण ऐक, मी सांगेन तसं. मशीन आणि लाईट गेली तर म्हणून सिलिंडर, दोन्ही गावच्या घरात राहतील, होळीच्या जवळपाससुद्धा आणायची नाहीत. नळी काढून तू खुर्चीतून जायचं, विठू आणि त्याची पोरं खुर्ची उचलतील. चूड लावायची आणि लगेच माघारी. फिरायचं नाही होळीभोवती. कळलं?"

काशीराम म्हणाला, "एक फेरा."

"बाबा!"

"एक फेरा त मारतात ना मानसं."

"बरं. एक. खुर्चीतून. मी आता विठूला फोन करते, त्याला तयारी करायला—"

"इठूला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तू मना हितं आनलंस ना गाडीतून, त्याच दिशी बोल्लो मी त्याला." त्याला थांबावं लागलं, श्वास जमवून पुन्हा बोलला. "शिमग्याला पोर घेऊन येईल माघारी. झावल्या सुकवून ठेव."

आशालता जिन्याच्या पायरीवर बसली. इतके दिवस ती झोपेतसुद्धा भांडत होती ते कोणाशी? "मग त्या संध्याकाळी मला विचारलंस कशाला?" ती म्हणाली. "आणि मी नाही म्हटल्यावर बरं कशाला म्हणालास?"

"तुला येल लागतंय," काशीराम म्हणाला. "तू कराचंच करतेस. पन आधी समदा तोलून बघतेस. आयशीसारकी."

तिला हसू यायला हवं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं. खालून कोणीतरी सळईचा भारा टाकला आणि सगळा जिना हादरला. तिने आवाज जाईपर्यंत वाट पाहिली. आता सांगायलाच हवं होतं, हातचं राखून चालणार नव्हतं. "बाबा, धूर लागेल. कमी नाही, चांगलाच लागेल. तो छातीत बसेल, आणि मग कदाचित मला तुला परत पनवेलला आणता येणार नाही. कळतंय ना मी काय म्हणते ते?"

"कलतंय."

"मी मोजून सांगतेय."

"तू मोजलंस म्हंजे खराच असेल." घरघर चालू होती. "तू भितेस काय गो?"

लहानपणापासून हा प्रश्न त्याने किती वेळा विचारला होता, होडीत चढताना, शाळेत सोडताना, लग्नात अक्षता पडायच्या आधी. आणि दर वेळी ती ताठ मानेने नाही म्हणाली होती. "हो," आशालता म्हणाली. "खूप भीती वाटते, बाबा."

काशीराम श्वास गोळा करत होता हे तिला ऐकू येत होतं.

"मग हात धर माजा," तो म्हणाला. "चूड एका हातानी लावता येते."